पाचवं भोक

रविवारी सकाळी साडेसहाला,
अक्कलकोट रोडचे माग धडधडायच्या आत,
स्कूटरला किक मारून मी दगडखाणीकडे निघतो.
खाण कधीच संपली. तिच्या पोटात आता आमची रेंज:
सहा बाकं, वर पत्रा,
आणि पलीकडे मातीचा बांध,
गोळ्या गिळून गिळून सुस्तावलेला.

हत्तुरेबाई रजिस्टर उघडतात.
रायफल नंबर, काडतुसं पंचवीस, सही.
"बिंगी, आज घाई नको."
घाई?
बत्तीस वर्षं जेकार्डचे पत्ते पाडले मी, बाई.
मोराच्या एका पिसाला चारशे भोकं.
कॉम्प्युटर आला, पंच भंगारात गेला,
पण घाई केली ती एकदाच.
ते पुढे सांगतो.

गाल लाकडावर टेकवला की
आधी गार लागतं, मग कळत नाही लाकूड कुठे संपलं.
डोळा स्कोपपासून चार बोटं.
जवळ गेलो तर कडेला काळी कोर चढते,
मागे सरलो तरी चढते.
मधे एक जागा आहे,
तिथे सगळं गोल, सगळं लख्ख,
आणि पन्नास मीटरवरचा कागद इतका पुढ्यात येतो
की त्यावरची माशी पाय चोळताना दिसते.
मी थांबतो.
तिचं उरकू दे.

आठनंतर सोलापूर सोलापूरसारखं वागायला लागतं.
काळ्या दगडावरची हवा उकळते,
वर्तुळं विहिरीत पडल्यासारखी हलतात,
काळा ठिपका असतो तिथे नसतो,
दोन सूत उजवीकडे असतो.
बांधाजवळच्या काठीला मी धागा बांधलाय,
दोन-वीसचा, लाल, चादरीतून उरलेला.
तो उजवीकडे झुकला.
नॉब फिरवला: टक्, टक्.
एवढ्या दोन टक्‌साठी मी आठवडाभर जगतो
असं बायकोला सांगितलं,
तर ती तेलुगूत जे म्हणाली ते इथे लिहीत नाही.

श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा,
उरलेला उधार ठेवायचा.
छातीचे दोन ठोके, त्यांच्या मधे एक बोळ.
बोट ट्रिगरवर जड होत जातं
भिजत्या सुतासारखं,
आणि आवाज झाला की माझा मीच दचकतो.

पहिली.
दुसरी तिच्याच दारात.
तिसरीने उंबरा जरा रुंद केला.
चौथी दिसेचना. स्कोपमधून शोधली, बांधावर शोधली,
मग कळलं, ती त्याच भोकातून निघून गेलीय.

तेव्हा मला आनंद झाला.
चूक तिथे झाली.

पाचवी खाली, उजवीकडे, दीड बोट बाहेर.

तर ते सांगायचं राहिलं.
सत्त्याण्णव साली, पोरगी झाली त्या रात्री,
खुशीत एका पत्त्यावर एक भोक जास्तीचं पडलं माझ्याकडून.
मोराच्या चोचीत एक टाका लटकला.
तीनशे चादरी विणून गेल्या, बांधून गेल्या, विकून गेल्या.
मालकाला कळलं नाही, मी सांगितलं नाही.
कुणाच्या रुखवतात, कुणाच्या आजारपणात, रेल्वेच्या बर्थवर
तो मोर अजून चोचीत काहीतरी धरून बसलाय.
काय ते मला ठाऊक आहे.
तिचं नाव आम्ही बाराव्या दिवशी ठेवलं.

हत्तुरेबाईंनी पट्टी लावली: चौघांचं मिळून सात मिलिमीटर.
पाचव्यावर पट्टी नेली, परत आणली,
काही बोलल्या नाहीत.
रिकाम्या पुंगळ्या मोजल्या. पंचवीस.

परतताना चहाच्या टपरीवर कागद उजेडाला धरला,
पत्ते तपासायचो तसा, हात आपोआप वर गेला.
तळहातावर उन्हाचा एक मोठा डाग पडला
आणि त्याच्यापासून थोडा लांब
एक छोटा, गोल, नीट पाडलेला.
टपरीवाला म्हणाला, हे काय, रेशनकार्ड कुरतडलं का उंदरानं?
मी हसलो, कागद घडी करून खिशात ठेवला.

पुढच्या रविवारी काडतुसं तीस मागावीत म्हणतो.